पुस्तकाआधी लेखकाच्या निधनाचे वर्ष शोधा

घणसोलीच्या एका गृहस्थांनी विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. त्यांच्या आई, वय 68, गेल्या वर्षी गावाकडून त्यांच्याकडे राहायला आल्या. गावी वाचनालयातून आठवड्याला दोन पुस्तके आणून वाचण्याची त्यांची सवय होती, ती इकडे आल्यापासून मोडली. मुलाने त्यांना दहा इंची टॅब घेऊन दिला आहे आणि त्यावर वाचता येतील अशी मोफत मराठी पुस्तके तो शोधत आहे. शिवाजी सावंत, वि. स. खांडेकर आणि पु. ल. देशपांडे ही आईंची आवडती नावे. ही नावे शोधली की एक तर टेलिग्रामवरील समूह पुढे येतात, नाहीतर कोपऱ्याकोपऱ्यात ‘डाउनलोड’ची बटणे असलेली आणि पुस्तक मात्र न देणारी पाने. मराठीत मोफत आणि सरळ मार्गाने वाचता येईल असे काही आहे का, असे ते विचारतात. जाता जाता चौथीतल्या मुलीसाठीही काही सुचवायला सांगतात.

मी 27 वर्षे ठाण्यातील एका महाविद्यालयाच्या ग्रंथालयात काम केले आणि निवृत्तीनंतर नेरुळमध्ये ज्येष्ठांसाठी एक छोटी वाचनखोली चालवतो. हा प्रश्न मला महिन्यातून दोनदा तरी ऐकावा लागतो. तो बहुतेक वेळा चुकीच्या टोकाकडून विचारला जातो, असे माझे मत आहे. ‘अमुक पुस्तक मोफत कुठे मिळेल’ असे विचारले, तर आवडत्या पुस्तकांपैकी बहुतेकांबाबत प्रामाणिक उत्तर ‘कुठेच नाही’ असे येते आणि माणूस तिथेच थांबतो. ‘जे खरोखर मुक्त आहे, त्यातले आईंना काय आवडेल’ असे विचारले, तर उत्तर बरेच लांबते.

मुक्त म्हणजे काय, हे आधी पाहू. आपल्याकडे 1957 चा कॉपीराइट कायदा लागू आहे. लेखकाच्या हयातीत प्रसिद्ध झालेल्या साहित्यावरचा हक्क त्याच्या निधनानंतर 60 वर्षे टिकतो आणि ही 60 वर्षे निधनाच्या पुढच्या वर्षाच्या 1 जानेवारीपासून मोजली जातात. मुळात ही मुदत 50 वर्षांची होती. रवींद्रनाथ टागोरांचे निधन 1941 सालचे, त्यामुळे त्यांचे साहित्य 1991 अखेर मुक्त होणार होते. त्या निमित्ताने 1992 मध्ये मुदत दहा वर्षांनी वाढवली गेली आणि ती साऱ्याच भारतीय लेखकांना लागू झाली. टागोरांमुळे आपल्या वाचनखोलीतली किती पुस्तके दहा वर्षे उशिरा मोकळी झाली, हा माझा जुना गमतीचा हिशेब आहे.

आता आईंची यादी घ्या. खांडेकर 1976 मध्ये गेले, म्हणजे त्यांच्या पुस्तकांवरील हक्क 2036 अखेरपर्यंत आहे. पु. ल. 2000 मध्ये गेले, त्यांचा हक्क 2060 अखेरपर्यंत. शिवाजी सावंत 2002 मध्ये गेले, तेव्हा त्यांच्या कादंबऱ्या 2063 च्या जानेवारीपूर्वी मुक्त होत नाहीत. या तिघांची पूर्ण पुस्तके कुणी फुकट वाटत असेल, तर ती कुणाच्या तरी परवानगीवाचून वाटली जात आहेत, असेच धरून चाला. मराठी पुस्तकाची आवृत्ती अनेकदा हजार प्रतींची असते आणि ती संपायला वर्षे लागतात. अशा ठिकाणी दोन-चारशे जणांनी फिरवलेली फाइल प्रकाशकाला चांगलीच लागते. तत्त्वाची बाजू सोडली तरी व्यवहाराची बाजू उरतेच. असल्या पानांवरून पुस्तकाऐवजी ‘एपीके’ म्हणजे अ‍ॅप बसवणारी फाइल गळ्यात पडते, आणि ज्या टॅबवर आईंचा बँकेचा संदेश येतो त्यावर ती बसवणे शहाणपणाचे नाही. पुस्तकाच्या नावाखाली पीडीएफ किंवा ई-पब ही ई-पुस्तकांची नेहमीची स्वरूपे सोडून दुसरे काहीही उतरू लागले, तर तिथेच थांबावे.

हाच हिशेब उलटा केला की दार उघडते. चिं. वि. जोशी नोव्हेंबर 1963 मध्ये गेले, म्हणून त्यांचे चिमणराव 1 जानेवारी 2024 पासून सर्वांचे झाले. साने गुरुजी 1950 मध्ये गेले, बहिणाबाई चौधरी 1951 मध्ये, न. चिं. केळकर 1947 मध्ये. हरिभाऊ आपटे आणि राम गणेश गडकरी दोघेही 1919 मध्ये गेले. श्रीपाद कृष्ण कोल्हटकर 1934, लक्ष्मीबाई टिळक 1936, नाथमाधव 1928. ही सगळी मंडळी मुक्त आहेत. मात्र एक बारकावा ध्यानात असावा. मूळ मजकूर मुक्त झाला, तरी कुणी गेल्या वीस वर्षांत त्याला लिहिलेली प्रस्तावना, टिपा किंवा काढलेली चित्रे मुक्त होत नाहीत; आणि अनुवाद असेल, तर अनुवादकाचे निधनवर्ष वेगळे मोजावे लागते. म्हणून शक्यतो जुनी छापील आवृत्ती शोधावी.

वाचनखोलीत आम्ही जे करतो, ते आता सांगतो. वाचक पुस्तकाचे नाव सांगतो, तेव्हा त्याला त्या पुस्तकातले काय आवडले हे मी विचारतो. सावंतांच्या कादंबऱ्या आवडणाऱ्याला बहुधा इतिहास-पुराणातला भारदस्त नायक हवा असतो. अशा वाचकाला मी हरिभाऊंची ‘उषःकाल’ किंवा नाथमाधवांच्या शिवकालीन कादंबऱ्या देतो. पु. ल. आवडणाऱ्यांसाठी चिं. वि. जोशी हा सर्वांत सोपा पूल आहे, कारण त्यांची भाषा आजही अडत नाही. तिथून कोल्हटकरांच्या ‘सुदाम्याचे पोहे’कडे आणि गडकऱ्यांनी ‘बाळकराम’ या टोपणनावाने लिहिलेल्या विनोदी लेखांकडे जाता येते, पण तिकडे पहिल्या दिवशी पाठवू नये, कोटीवर कोटी आणि लांबच लांब वाक्ये यांनी नवा वाचक दमतो. खांडेकरांमधली ध्येयवादी हळवी बाजू आवडत असेल, तर साने गुरुजी आहेतच. आणि आईंच्या वयाच्या, गावाकडून शहरात आलेल्या बाईंना मी काहीही न विचारता एक पुस्तक पुढे करतो, ते म्हणजे लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’. सोवळ्याच्या घरातून ख्रिस्ती झालेल्या नवऱ्याच्या संसारात गेलेली ही बाई इतकी सरळ आणि इतकी मिस्कील लिहिते, की आजवर कुणी ते पुस्तक अर्धवट ठेवून परत केलेले मला आठवत नाही.

ही निवड अर्थात आईंच्या स्वभावावर अवलंबून आहे. काहींना जुन्या पुस्तकांतली विधवांची दुःखे, सोवळेओवळे, सासुरवास नकोसा वाटतो. त्यांनी हरिभाऊंच्या सामाजिक कादंबऱ्यांपासून दूर राहिलेले बरे.

आता ठिकाणांकडे वळू. सर्वांत मोठा साठा इंटरनेट आर्काइव्हवर आहे. 1996 साली अमेरिकेत सुरू झालेली ही ना-नफा संस्था आहे. ‘डिजिटल लायब्ररी ऑफ इंडिया’ या आपल्या सरकारी प्रकल्पात देशभरच्या ग्रंथालयांतील जुनी पुस्तके स्कॅन झाली होती. त्या प्रकल्पाचे स्वतःचे संकेतस्थळ बंद पडले, पण त्यातली पुष्कळशी पुस्तके आर्काइव्हवर सुरक्षित राहिली. अडचण अशी, की ती तिथे असूनही सापडत नाहीत. स्कॅन करणाऱ्यांनी मराठी नावे रोमन लिपीत ज्याला जशी सुचली तशी लिहिली आहेत. देवनागरीत शोध घेतला तर हाती थोडेच लागते. गडकरी हे नाव एका ठिकाणी सरळ सापडेल, दुसरीकडे ‘डी’ आणि ‘के’च्या मध्ये एक जास्तीचा ‘ए’ घुसलेला असेल, तिसरीकडे शेवटी ‘आय’ऐवजी दोन ‘ई’ असतील. कुठे लेखकाच्या जागी पुस्तकाचे नाव आणि पुस्तकाच्या जागी लेखकाचे. म्हणून मी पूर्ण नाव कधीच टाकत नाही. शीर्षकातला एकच ठळक शब्द रोमनमध्ये दोन-तीन प्रकारे लिहून पाहतो आणि बाजूच्या गाळणीत (फिल्टरमध्ये) भाषा मराठी निवडतो. त्यानेही जमले नाही तर भाषा काढून टाकून पुन्हा शोधतो, कारण मराठी पुस्तकांवर हिंदीचा किंवा संस्कृतचा शिक्का बसलेला मी अनेकदा पाहिला आहे. आर्काइव्हवर कुणीही काहीही चढवू शकतो, त्यामुळे तिथे आहे म्हणून ते मुक्त आहे असे समजू नये. निधनवर्षाची कसोटी तिथेही लावावी.

या स्कॅनांबाबत एक चूक माझ्या हातून झाली आहे. एका निवृत्त शिक्षिकांना मी एक जुनी कादंबरी न तपासता टॅबवर भरून दिली. चौथ्या दिवशी त्यांचा फोन आला, की कथेतल्या मुलीचे लग्न पृष्ठ 96 वर ठरत होते आणि पान उलटले तर ती दोन मुलांची आई. मधला सोळा पानांचा एक अख्खा फर्मा स्कॅन करणाऱ्याकडून राहून गेला होता. त्यानंतर मी प्रत्येक फाइल देण्यापूर्वी एक साधी तपासणी करतो. पुस्तकातले छापील पृष्ठ 20 काढायचे आणि फाइलमध्ये ते कितवे आहे ते पाहायचे. समजा ते 28 वे निघाले, तर फरक 8 झाला. मग छापील 150 आणि अगदी शेवटचे पृष्ठ काढायचे. फरक 8 च राहिला तर पुस्तक बहुधा पूर्ण आहे. तो 6 झाला तर दोन पाने गळाली आहेत; वाढला तर काही पाने दोनदा आली आहेत किंवा मध्ये बिनक्रमांकाची चित्रे आहेत. दोन मिनिटांचे हे काम वाचकाचा विरस टाळते.

आईंचे मोतीबिंदूचे ऑपरेशन झाले आहे, असे तुम्ही ओझरते लिहिले आहे. माझ्या दृष्टीने तुमच्या प्रश्नातला हा सर्वांत महत्त्वाचा तपशील आहे. स्कॅन केलेले पान म्हणजे छायाचित्र. ते मोठे केले की ओळ पडद्याबाहेर जाते आणि प्रत्येक ओळीला बोट सरकवावे लागते. अशा वाचकाला टंकलिखित मजकूर हवा, ज्यात अक्षर मोठे केले की ओळी आपोआप नव्याने मांडल्या जातात. यासाठी मराठी विकिस्रोत पाहावे. विकिपीडिया चालवणाऱ्या संस्थेचाच हा उपक्रम आहे. जुनी पुस्तके तिथे स्वयंसेवक स्कॅनवरून टंकित करतात आणि मूळ पानाशी ताडून पाहतात. साने गुरुजींचे बरेच लेखन तिथे आहे. एखादे पुस्तक किती भरवशाचे, हे त्याच्या पृष्ठांच्या रंगावरून कळते. लाल म्हणजे अजून कुणी तपासलेले नाही, पिवळे म्हणजे एकदा तपासलेले आणि हिरवे म्हणजे दुसऱ्या व्यक्तीनेही पडताळलेले. लाल पानांत ‘घ’चा ‘ध’ आणि ‘भ’चा ‘म’ झालेला असतो; घराचे धर झालेले वाचताना डोळ्यांइतकाच डोक्यालाही त्रास होतो. तिथून ई-पब स्वरूपात पुस्तक उतरवता येते आणि मग इंटरनेट नसतानाही वाचता येते. स्कॅनच वाचायचे असेल, तर टॅब आडवा धरावा आणि एका वेळी अर्धेच पान दिसू द्यावे. माझ्याकडच्या निम्म्या ज्येष्ठांची तक्रार एवढ्याने मिटते.

सरकारी ठिकाणे लोकांना कमी माहीत असतात. महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाची स्थापना 1960 ची, पहिले अध्यक्ष तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी. मंडळाने काढलेली अनेक पुस्तके त्याच्या संकेतस्थळावर पीडीएफ स्वरूपात विनामूल्य आहेत. महात्मा फुले यांचे समग्र वाङ्मय त्यातच मिळेल. कथा-कादंबरीपेक्षा चरित्र, इतिहास आणि विचारपर ग्रंथ तिथे जास्त आहेत. राज्य मराठी विकास संस्थेने दुर्मिळ ग्रंथ डिजिटल केले आहेत, पण त्यांतले पुष्कळसे एकोणिसाव्या शतकातले असल्यामुळे ते अभ्यासकांच्या अधिक कामाचे. मराठी विश्वकोश आणि केतकरांचा ज्ञानकोश हे दोन्ही संकेतस्थळांवर पूर्ण खुले आहेत. आईंना चाळायला आवडत असेल तर विश्वकोशासारखा विरंगुळा नाही. माझ्याकडे येणारे एक निवृत्त मोटरमन रोज दुपारी त्यातली एक नोंद वाचतात आणि संध्याकाळी बाकावर बसून ती आम्हाला ऐकवतात. जुन्या पुस्तकातला शब्द अडला, तर शिकागो विद्यापीठाच्या संकेतस्थळावर मोल्सवर्थचा 1857 चा मराठी-इंग्रजी कोश आणि दाते-कर्वे यांचा महाराष्ट्र शब्दकोश दोन्ही शोधता येतात.

आजचे लेखन हवे असेल, तर ठाण्यातूनच चालणारे ई-साहित्य प्रतिष्ठान आहे. लेखकांच्या संमतीने मराठी ई-पुस्तके मोफत देण्याचे काम ते बरीच वर्षे करत आहे. तिथे नवोदितही आहेत आणि नावाजलेलेही. दर्जा साहजिकच खालीवर आहे, म्हणून पहिली दहा पाने वाचून आवडले नाही तर संकोच न करता पुस्तक सोडावे. मायबोली, मिसळपाव आणि ऐसी अक्षरे या मराठी संकेतस्थळांचे ऑनलाइन दिवाळी अंकही मोफत वाचता येतात. दुपारच्या झोपेआधी एखादी कथा वाचायची असेल तर कादंबरीपेक्षा ते सोयीचे.

मुलीसाठी काम सोपे आहे. बालभारतीचे ‘किशोर’ मासिक 1971 पासून निघते आणि त्याचे जुने अंक मोफत उपलब्ध आहेत. प्रथम बुक्सच्या स्टोरीवीव्हरवर चित्रमय मराठी गोष्टी वाचनाच्या पातळीनुसार लावलेल्या आहेत आणि त्या मुक्त परवान्याखाली असल्याने छापून घेतल्या तरी चालते. अरविंद गुप्ता यांच्या संकेतस्थळावर विज्ञानाची आणि खेळण्यांची पुस्तके मराठीतही आहेत. चौथीच्या मुलीला मी ‘किशोर’चे ऐंशीच्या दशकातले अंक आधी दाखवीन. आजीने ते कदाचित आपल्या मुलांसाठी आणलेले असतील आणि मग वाचन दोघींचे मिळून होईल.

राष्ट्रीय डिजिटल ग्रंथालय मुख्यतः विद्यार्थ्यांच्या कामाचे असल्याने त्यात जास्त शिरत नाही. मात्र तुम्हाला स्वतःला इंग्रजी वाचनाची आवड असेल, तर ठाणे जिल्ह्याचे 1882 चे गॅझेटिअर, म्हणजे जिल्ह्याचा सरकारी माहितीग्रंथ, जरूर उघडा. ते राज्याच्या दर्शनिका विभागाने खुले केले आहे. नवी मुंबई वसवणारी सिडको येण्याच्या 88 वर्षे आधीची ही खाडी, मिठागरे, बंदरे आणि गावे त्यात आहेत. ऐरोली-रबाळ्याच्या गर्दीतून रोज जाणाऱ्या माणसाला ते वाचताना मौज वाटते.

राहिला सावंत, खांडेकर आणि पु. लं.चा प्रश्न. ते आईंना हवेच असणार, आणि त्यासाठी मी पडद्याकडे बोट दाखवणार नाही. ठाण्याचे मराठी ग्रंथसंग्रहालय 1893 पासून चालू आहे. घणसोलीहून ट्रान्स-हार्बरची गाडी पकडली, की रबाळे, ऐरोली, दिघा गाव आणि ठाणे. तिथली वर्गणी फुकट नाही, पण एका नव्या कादंबरीच्या किमतीशी ताडून पाहा आणि मग ठरवा. आईंना जिने आणि गर्दी झेपत नसेल, तर सभासदत्व तुमच्या नावावर घेऊन कामावरून परतताना तुम्ही पुस्तक बदलू शकता. घणसोली, कोपरखैरणे आणि वाशी परिसरातही वाचनालये आहेत; ठाण्याला जाण्याआधी जवळच्या वाचनालयात एकदा चौकशी करा, कारण ज्येष्ठांना घरपोच पुस्तक देण्याची सोय काही ठिकाणी असते आणि ती विचारल्याशिवाय कुणी सांगत नाही.

टॅबवर एकदम पन्नास पुस्तके भरू नका. गावी आठवड्याला दोन पुस्तके येत, तर इथेही दोनच ठेवा, तीही पहिल्या पडद्यावर, म्हणजे आईंना फोल्डर शोधावे लागणार नाही. पहिल्या आठवड्यासाठी मी चिमणराव आणि ‘स्मृतिचित्रे’ ठेवीन. दोन्ही फाइलींतली पृष्ठे आधी मोजून घ्या, अक्षर मोठे करून स्वतः चार पाने वाचून बघा, आणि रविवारी संध्याकाळी आईंना विचारून पुढची दोन पुस्तके भरा.